टर्मिनलमधली मराठी का सरकते, आणि इतर प्रश्न

(आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना रोमन अक्षरे वापरावीत.)

प्रश्न : सर्व्हरवर टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रे चालवणारा प्रोग्रॅम) चालू करून त्यात व्हिममध्ये (टर्मिनलमधला मजकूर-संपादक) मराठी नोंदी लिहितो. ‘कविता’, ‘माहिती’ असे शब्द आले की कर्सर भलतीकडेच दिसतो आणि खोडलेल्या अक्षरांचे तुकडे पडद्यावर उरतात. ‘मुंबई’, ‘पुस्तक’ मात्र ठीक दिसतात. तीन फॉन्ट बदलून झाले. दोष कुणाचा? — सांगली

उत्तर : तुमच्या प्रश्नातच निदान आहे. ‘मुंबई’ ठीक आणि ‘कविता’ बिघडलेली, म्हणजे फॉन्टचा इथे काही संबंध नाही.

टर्मिनलचा पडदा म्हणजे घरांची जाळी. कोणते चिन्ह किती घरे घेते, याचा हिशेब तिघे जण वेगवेगळा ठेवतात : व्हिम, टीमक्स आणि तुमच्यासमोरची टर्मिनलची खिडकी. युनिकोडमध्ये उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही ‘जागा न घेणारी’ चिन्हे आहेत. काना, वेलांटी आणि विसर्ग ही ‘जागा घेणारी’. लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीतले डब्ल्यूसीविड्थ हे फंक्शन पहिल्या गटाला शून्य आणि दुसऱ्याला एक घर देते. व्हिमचे कोष्टक स्वतःचे आहे, आणि ते दोन्ही गटांना आधीच्या अक्षराला चिकटवून शून्य धरते. ‘कविता’ व्हिमच्या लेखी 3 घरांची, जीलिबसीच्या लेखी 5 घरांची. दोन घरांचा फरक पडला, आणि ओळीत जितके काने-वेलांट्या जास्त तितका तो वाढत जातो. ‘मुंबई’त उकार आणि अनुस्वारच असल्याने दोन्हीकडे 3, ‘पुस्तक’ दोन्हीकडे 4. म्हणून ते शब्द जागचे हलत नाहीत.

खात्री करायची असेल तर टर्मिनललाच विचारा. प्रिंटएफ या आज्ञेने ओळीच्या सुरुवातीपासून शब्द छापा आणि त्याला लागूनच एस्केप वर्ण (अष्टमान 033), डावा चौकोनी कंस, 6 आणि लहान एन एवढे पाठवा. टर्मिनल कर्सरची ओळ आणि रकाना परत पाठवते. रकाना 6 आला तर शब्दाने 5 घरे घेतली, 4 आला तर 3. ही चाचणी टीमक्सच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे करा. आत असताना उत्तर बाहेरची खिडकी देत नाही, टीमक्स स्वतःच्या जाळीवरून देतो. त्यामुळे दोघांचा हिशेब वेगवेगळा कळतो. बाहेर 3 आणि आत 5 आले तर भांडण खिडकी आणि टीमक्स यांच्यातही आहे. दोन्हीकडे 5 आले तर एकटा व्हिम वेगळा. मग तीच फाइल नॅनो या दुसऱ्या संपादकात उघडा. नॅनो सिस्टिमचेच कोष्टक वापरतो, त्यामुळे तिथे कर्सर जागेवर दिसायला हवा.

उपाय : चिन्हांची रुंदी ठरवणारे व्हिममधले ‘सेटसेलविड्थ्स’ हे फंक्शन इथे कामाचे नाही, कारण चिकटणाऱ्या चिन्हांना ते लागू होत नाही. कंट्रोल-एल दाबले की पडदा नव्याने रंगतो आणि तुकडे जातात, पण तेवढ्यापुरतेच. रोजच्या लेखनासाठी फाइल आपल्या संगणकावर आणून जीव्हिममध्ये (स्वतःच्या खिडकीत चालणारा व्हिम) लिहिणे हे सर्वांत कमी त्रासाचे. तिथे मध्ये कुठलेच टर्मिनल नाही, त्यामुळे हिशेब एकट्या व्हिमचा.

हा दोष कळवणार असाल तर ‘मराठी नीट दिसत नाही’ असे लिहू नका. ‘यू+093एफ (ऱ्हस्व वेलांटी) या चिन्हाला तुम्ही शून्य घरे देता, जीलिबसी एक देते, कर्सरची चाचणी अशी आली’ असे लिहा. देवनागरी न वाचणारा मेन्टेनरही (प्रोग्रॅम सांभाळणारा) त्यावर काम करू शकतो.

प्रश्न : सी भाषेतला एक छोटा मुक्त-स्रोत प्रोग्रॅम गावांची नावे तक्त्यात दाखवतो. इंग्रजी नावांचे रकाने सरळ, मराठी नावांचे वाकडे. दुरुस्ती पाठवायची आहे. — नाशिक

उत्तर : रकान्यासाठी बहुधा प्रिंटएफचे ‘%-10एस’ वापरलेले असेल. तो 10 बाइट मोजतो, घरे नव्हे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8मध्ये 3 बाइटचे. ‘नाशिक’मध्ये न, काना, श, वेलांटी, क मिळून 15 बाइट होतात, म्हणून भरतीची एकही रिकामी जागा पडत नाही. मजकूर आधी एमबीएसटूडब्ल्यूसीएसने रुंद वर्णांत बदला, डब्ल्यूसीएसविड्थने घरे मोजा आणि उरलेल्या जागा स्वतः छापा. मेन या फंक्शनच्या सुरुवातीलाच सेटलोकेल (भाषा आणि अक्षरसंच ठरवणारे फंक्शन) रिकाम्या स्ट्रिंगसह बोलवायला विसरू नका. ते नसेल तर प्रोग्रॅम ‘सी’ लोकेलमध्ये राहतो, रूपांतर फसते आणि हाती -1 येतो. हा -1 न तपासता रुंदीतून वजा केला की तक्ता आणखी बिघडतो.

लांब नाव कापतानाही बाइटवर कापू नका. चिन्ह मध्येच तुटते आणि काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसते. कापायच्या जागेनंतरचे चिन्ह उकार, मात्रा, काना, वेलांटी किंवा हलन्त असेल तर त्याच्या मूळ अक्षरासह मागे सरका. पॅचसोबत (दुरुस्तीच्या फाइलसोबत) चाचणीसाठी ‘पुणे’, ‘नाशिक’ आणि ‘रत्नागिरी’ ही तीन नावे द्या. ‘पुणे’त फक्त शून्य रुंदीची चिन्हे आहेत, ‘नाशिक’मध्ये फक्त जागा घेणारी, ‘रत्नागिरी’त जोडाक्षरासह दोन्ही.

प्रश्न : एनकर्सेसवर (टर्मिनलचा पडदा रंगवणारी लायब्ररी) चालणारा प्रोग्रॅम मागच्या आवृत्तीपर्यंत ठीक होता, आता मध्येच कोसळतो. कोसळला की टर्मिनलही निकामी होते : टाइप केलेले दिसत नाही, एंटरही चालत नाही. — पुणे

उत्तर : आधी टर्मिनल. प्रोग्रॅमने प्रतिध्वनी आणि एंटरचे रूपांतर बंद केले होते, ते परत चालू करण्याआधीच तो मेला. न दिसणारे असले तरी ‘रीसेट’ टाइप करा आणि एंटरऐवजी कंट्रोल-जे दाबा.

आता मूळ दोष. कंपायलरला ‘-जी’ आणि ‘-एफसॅनिटाइझ=अ‍ॅड्रेस’ देऊन प्रोग्रॅम बांधा. मेमरीची चूक असेल तर फाइल आणि ओळ हाती येते. पण हा अहवाल एरर आउटपुटवर येतो आणि एनकर्सेसच्या पडद्यात मिसळून वाचता येत नाही, म्हणून चालवतानाच ‘2>चूक.लॉग’ असे फाइलकडे वळवा. जीडीबी हा डिबगर (दोष शोधायचे साधन) दुसऱ्या खिडकीतून प्रक्रियेच्या क्रमांकाने जोडा. उबुंटूत ‘परवानगी नाही’ असे आले तर सुडोने जोडा, तिथे जीडीबीने स्वतः सुरू न केलेल्या प्रक्रियेला, ती तुमचीच असली तरी, जोडणे मुद्दाम अडवलेले असते.

तरी सापडले नाही तर गिट बायसेक्ट, म्हणजे बदलांचा इतिहास निम्मा-निम्मा करत शोधणे. चांगली आणि वाईट आवृत्ती सांगितली की तो मधली काढून देतो. 1000 बदल असले तरी साधारण 10 फेऱ्यांत दोषी बदल सापडतो. एखादी आवृत्ती बांधलीच जात नसेल तर तिला ‘वाईट’ म्हणू नका, ‘स्किप’ म्हणा. नाहीतर शोध भलत्याच बदलावर जाऊन थांबतो. तपासणी स्क्रिप्टने करत असाल तर अशा वेळी स्क्रिप्टने 125 हा कोड परत द्यावा.

प्रश्न : सर्व्हरवर लॉगिन करून टीमक्स चालवले की ‘मिसिंग ऑर अनसूटेबल टर्मिनल : एक्सटर्म-किटी’ असे येते. — पणजी

उत्तर : सर्व्हरच्या टर्मिन्फो या टर्मिनलांच्या वर्णनांच्या संग्रहात तुमच्या टर्मिनलचे वर्णन नाही, एवढेच. आपल्या संगणकावर ‘इन्फोसीएमपी -एक्स’ चालवून ते वर्णन काढा, एसएसएचवरून पाठवा आणि सर्व्हरवर ‘टिक -एक्स’ला द्या. ते तुमच्या होम डिरेक्टरीत बसते, रूटचा पासवर्ड लागत नाही. टर्म हे चल (व्हेरिएबल, यात टर्मिनलचे नाव असते) बॅशआरसीत (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) कायमचे लिहून टाकण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो मानू नका. मग टीमक्सच्या आतही तेच मूल्य राहते, आणि प्रोग्रॅम टीमक्सला न कळणारे संकेत पाठवू लागतात.