काय खाऊ ते नंतर विचार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू आलास आणि चकलीला हातही न लावता दीड तास माझ्यासमोर फाईल उघडून बसलास. निघताना मोबाइलमधली यादी दाखवलीस. हळदीच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या गोळ्या, अश्वगंधा, शेवग्याच्या पानांची पावडर, ॲपल सायडर व्हिनेगर, ग्लुटेन नसलेलं महागाचं पीठ. सतरा नोंदी होत्या, मी मोजल्या. आणि विचारलंस, "काका, अंगातली सूज कमी व्हायला यातलं आधी काय सुरू करू?" घरात पाहुणे होते, मी गप्प राहिलो. पण तुझा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. सत्तावीस वर्षांचं पोर, आणि सकाळी उठतानाच दमलेलं. म्हणून लिहायला बसलो.

यातलं काहीही सुरू करू नकोस. आधी रोजच्या सवयींतलं काहीतरी काढ. आणि एकच काढ.

तू मला लॅबवाले काका म्हणतोस. मिरजेला एकतीस वर्षं मी ई.एस.आर. लावला, म्हणजे रक्तातल्या पेशी तासाभरात किती खाली बसतात ते मोजलं. आता यंत्र आकडा छापून देतं. आमच्या वेळी स्टँडवर वेस्टरग्रेनच्या काचेच्या नळ्या ओळीने उभ्या असायच्या. सायट्रेट मिसळलेलं रक्त शून्याच्या रेघेपर्यंत घ्यायचं, नळी अगदी सरळ उभी करायची (जरा तिरकी राहिली तर आकडा खोटा येतो) आणि तासभर हात लावायचा नाही. निरोगी तरुणाचं रक्त तासात आठ-दहा मिलिमीटर उतरतं, वर पिवळसर पाण्याची पातळ पट्टी दिसते. ज्याच्या अंगात सूज आहे त्याच्या रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वाढलेलं असतं. त्यामुळे तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि भराभर खाली बसतात. साठ, ऐंशी, कधी शंभराच्या पुढे. तू जिला 'इन्फ्लमेशन' म्हणतोस, ती मी रोज सकाळी उघड्या डोळ्यांनी पाहत होतो.

आणि रोज पाहत असताना माझ्या गालात तंबाखू-चुना असायचा.

एकेचाळिसाव्या वर्षी, दुपारी लॅब रिकामी असताना, मी स्वतःचं रक्त काढून नळी लावली. ताप नव्हता, खोकला नव्हता, कुठे दुखत नव्हतं. तासाने पाहिलं तर शेहेचाळीस. मी नळी धुऊन ठेवली आणि कुणाला सांगितलं नाही. दोन वर्षं सांगितलं नाही. त्या दोन वर्षांत च्यवनप्राश खाल्लं, लसूण खाल्ला, सकाळी उठून दुधीचा रस प्यायलो. सगळं घातलं, काढलं काहीच नाही. शेवटी खालच्या दाढा हलायला लागल्या, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी हिरड्या दाबून आतला पू दाखवला. दोन दाढा गेल्या. हिरड्या साफ करून घेतल्या, तंबाखू सुटली, आणि काही महिन्यांनी नळी लावली तर अठरा. या वेळी मी एक चिमूटही नवीन खाल्लेलं नव्हतं. फक्त काढलं होतं. यावर माझ्याशी वाद घालू नकोस. ती नळी मी माझ्या हाताने लावली होती.

आता तुझा कागद. तुझं एच.एस. सी.आर.पी. (अंगातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन) ५.८ आलं आणि तू घाबरलास. हा आकडा १ च्या आत असला तर बरा, १ ते ३ मधला मध्यम, ३ च्या वर गेला की हृदयविकाराच्या दृष्टीने धोका जास्त धरतात. १० च्या वर असेल तर आधी एखादा ताजा संसर्ग शोधतात. पण तू तपासणी केलीस कधी? तापातून उठून चार दिवस झाले नव्हते! तापात हा आकडा चढणारच. दोन-तीन आठवडे धडधाकट गेले की परत तपास, त्याआधी छातीला हात लावून बसू नकोस.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे. सी.आर.पी. यकृतात बनतं आणि रक्तातलं साधारण एकोणीस तासांत निम्मं होतं. म्हणजे आज जे रक्तात आहे त्यातलं बरंचसं काल-परवा बनलेलं. पुढच्या तपासणीतही आकडा चढाच राहिला, तर त्याचा अर्थ असा की यकृताला ते रोज नव्याने बनवायला भाग पाडणारं काहीतरी तुझ्या रोजच्या दिवसात बसलंय. मग त्यावर गोळी काय टाकतोस? ते बसलेलं उठव. काढ.

"मी जाड कुठे आहे?" असं म्हणालास. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, हीच तर आपल्याकडची गोम आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बी.एम.आय., म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी. आतड्यांभोवती साठलेली ही चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यात पांढऱ्या पेशी येऊन ठाण मांडतात, तिथून आय.एल.-६ सारखे रासायनिक निरोप सुटतात, ते यकृताला पोचतात आणि यकृत सी.आर.पी. बनवतं. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली म्हणून तुला सांगितलं ना, ती याच गोष्टीची दुसरी बाजू.

हळदीचं बोलतो, कारण यादीत तिचा पहिला नंबर होता आणि आम्ही हळदीच्या जिल्ह्यातली माणसं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांतून हळद निघताना मी पाहिलीय. अमेरिकेत जखमेवरच्या हळदीचं पेटंट कुणी घेतलं आणि डॉ. माशेलकरांच्या सी.एस.आय.आर. या सरकारी संशोधन संस्थेने लढून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं, तेव्हा आम्हाला घरचं लग्न असल्यासारखा आनंद झाला होता. तेव्हा हळदीचा मान मला शिकवू नकोस. पण साध्या हळदपुडीत कर्क्युमिन, म्हणजे ज्याच्यासाठी त्या गोळ्या घेतात ते द्रव्य, जेमतेम तीन टक्के, आणि तेही आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं. म्हणून गोळ्यांत ते भरपूर कोंबतात, वर मिऱ्याचा अर्क घालतात, आणि अशा जोरदार गोळ्यांनी काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तुझं यकृत आधीच तक्रार करतंय. हळद फोडणीत राहू दे, तिथे ती शोभते.

घालण्याने काय होतं ते आमच्या घरात बघ. तुझ्या काकूची उजव्या हाताची बोटं तू लहानपणापासून वाकडी पाहिलीस, कधी विचारलं नाहीस. तिला संधिवात होता, सांध्यांवर शरीर स्वतःच हल्ला करतं तो. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं होतं. कुणीतरी एका गावची पुडी सांगितली. मी आणली. मी, लॅबमधला माणूस. पंधरा दिवसांत तिचं दुखणं पळालं. मी दर महिन्याला नळी लावत होतो: सत्तर, पन्नास, बावीस. नळी पाहून मीच तिला म्हणालो, डॉक्टरांच्या गोळ्या बंद कर. सात महिन्यांनी तिचा चेहरा गोल झाला, साखर चढली, पुडी एक आठवडा मिळाली नाही तर तिला अंथरुणातून उठवेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि हिची लक्षणं तीच आहेत. पुडी सुटेपर्यंत आणि औषध परत लागू पडेपर्यंत बोटं वाकायची ती वाकली. ती अजून भाकरी थापते, पण डाव्या हाताच्या जोरावर.

म्हणून ध्यानात ठेव, काढायच्या यादीत डॉक्टरांचं औषध कधीच नसतं. सकाळी उठल्यावर तासभर बोटं किंवा कंबर आखडून राहायला लागली, सांधा सुजून गरम झाला, तर मला फोन करू नकोस. सरळ संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. तो वेगळा आजार आहे, रात्री लवकर जेवून तो जात नाही.

आता तू काय काढायचंस? तुझी सतरा कलमं बाजूला ठेवून मी तुझा दिवस विचारला होता, आठवतं? अमेरिकेशी कॉल साडेदहाला संपतो. मग जेवण मागवतोस. अकरा-साडेअकराला ते येतं, मोबाइल बघत खातोस, दोनला झोपतोस, आठला गजर. हे आठवड्यातून पाच दिवस. तीन वर्षं. एवढं ऐकल्यावर मला दुसरं काही शोधायची गरज वाटली नाही. रात्रीचं मागवलेलं जेवण काढ. एवढंच. कॉल साडेआठला सुरू होतो ना, मग आठच्या आत जेवून घे. कॉल संपला की आवरून झोप. अपुरी झोप कायमची झाली की सूज वाढवणारे तेच निरोप रक्तात वाढतात, आणि तुझी झोप त्या डब्याची वाट बघण्यात जातेय. मैदा, तेल, मीठ, ती तासाभराची वाट, सगळं एका डब्यात बांधून दारात येतंय. तो डबा दारात येऊ देऊ नकोस.

गोड? नंतर. व्यायाम? नंतर. तू लगेच म्हणशील, काका, व्यायाम तर चांगलाच असतो. असतो. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालावं हे मलाही माहीत आहे, आणि चालताना स्नायू स्वतःच सूज आवरणारी द्रव्यं सोडतात हेही. पण तू सहाला उठून पळायचं ठरवलंस आणि दोनला झोपलास, तर तिसऱ्या आठवड्यात बूट कपाटात जातील. आधी रात्र मोकळी कर. रात्र सुटली की सकाळ आपोआप हातात येते, आणि मग बसणं काढायला तुला मी सांगावं लागणार नाही. मैद्याचंही तसंच. मैदा ताटातून गेला की ज्वारीच्या भाकरीला, जवसाच्या चटणीला, उसळीला, शुक्रवारच्या बांगड्याला जागा होते. भरल्या ताटात ढकलून त्या वस्तूंचा काही उपयोग होत नाही.

आपल्या गल्लीत मला हट्टी म्हणतात. माझी मुलगी म्हणते, बाबा, तुमचं पथ्य म्हणजे दुसऱ्यांचा अपमान. गेल्या वर्षी मावसभावाच्या मुलाच्या रिसेप्शनला जेवण रात्री दहाला सुरू झालं. मी आहेर दिला, नमस्कार केला आणि न जेवता निघालो. मावसभाऊ अजून बोलत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण मी काय करू? तंबाखू मी आधी दोनदा सोडली होती. दोन्ही वेळा लग्नाच्या मांडवातच मोडली. कुणीतरी प्रेमाने तळहात पुढे केला, "एक चिमूट घे, काय होतंय," आणि मी घेतली. एका चिमटीने पहिल्या वेळी चार वर्षं खाल्ली, दुसऱ्या वेळी सहा. ज्याचं कधी मोडलेलं नाही त्याने सवलत घ्यावी. माझं कुठे मोडतं ते मला माहीत आहे, म्हणून मी तिथे उभाच राहत नाही. याला कुणी अपमान म्हणालं तर म्हणू दे. तुलाही शुक्रवारी रात्री तुझी मित्रमंडळी म्हणतील, आजच्या दिवस. सहा महिने तू त्यांच्यासोबत बस, गप्पा मार, पण ताटाला हात लावू नकोस. एक गोष्ट, सहा महिने. दुसरी काढायची घाई करू नकोस.

दर महिन्याला रक्तही तपासू नकोस. आकड्याने मला एकदा फसवलंय. घरातला पांढरा दोरा घे. भिंतीला टेकून उभा राहा आणि दोरा तुझ्या उंचीएवढा काप. तो मधोमध दुमड. दुमडलेला दोरा बेंबीच्या पातळीवर, श्वास न ओढता, पोटाभोवती फिरव. टोकं एकमेकांना भेटली पाहिजेत. तुझी उंची एकशे सत्तर, म्हणजे पंच्याऐंशी सेंटिमीटर. पुरुषांना आपल्याकडे नव्वदच्या आत सांगतात, तू दिवाळीत सत्त्याण्णव होतास. मी टेप लावली तेव्हा तू पोट आत घेतलंस ते मला दिसलं होतं. टोकांमध्ये किती बोटांचं अंतर राहतंय तेवढं मला महिन्यातून एकदा कळव. बाकी काही कळवू नकोस.

गुढीपाडव्याला ये. संध्याकाळी सातच्या आत ये, आमच्याकडे त्यानंतर पानं मांडत नाहीत. येताना दोरा आण, आणि काकू म्हणते, चिवड्याचा स्टीलचा डबा तुझ्याकडेच राहिलाय, तोही आण.

तुझा,
काका