ॲक्सेल वेबर युरोपीय केंद्रीय बँकेचे अध्यक्ष का झाले नाहीत?
कारण त्यांनी स्वतःच माघार घेतली. कोलोन विद्यापीठातले हे प्राध्यापक २००४ पासून जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे बुंडेसबँकेचे अध्यक्ष होते आणि युरोपीय केंद्रीय बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष त्रिशे यांच्या जागी त्यांचंच नाव आघाडीवर होतं. पण मे २०१० मध्ये युरोपीय केंद्रीय बँकेनं अडचणीतल्या देशांचे सरकारी रोखे घ्यायला सुरुवात केली, त्याला वेबर यांनी उघड विरोध केला. बहुमत आपल्या बाजूनं नसताना ती खुर्ची सांभाळणं अवघडच. फेब्रुवारी २०११ मध्ये ते शर्यतीतून बाहेर पडले. पद इटलीच्या मारिओ द्राघी यांना मिळालं. मात्र, त्यानंतर वेबर थेट खासगी बँकेत गेले असं म्हणणं बरोबर नाही. मधे शिकागो विद्यापीठात शिकवून मग २०१२ ते २०२२ ते स्वित्झर्लंडच्या यूबीएस या खासगी बँकेच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते.