हवेलाही ‘भरती’ येते का?

प्रश्न असा आहे : ध्रुवांजवळच्या वरच्या वातावरणातल्या ‘टाइड’ला, म्हणजे हवेच्या ठरावीक वेळच्या हेलकाव्यांना, मराठीत भरती-ओहोटी म्हणावे का? तिथे ना समुद्र, ना किनारा. शिवाय तिचे मुख्य कारण चंद्रही नाही.

म्हणावे. नुसते ‘हवेची भरती’ मात्र नको, ते हवाई दलाच्या जाहिरातीसारखे वाटते. ‘वातावरणीय भरती-ओहोटी’ लांबलचक आहे, पण त्यात घोटाळा होत नाही. चंद्राच्या ओढीनेही वातावरणात भरती येते. तिचा जोर किरकोळ. खरा जोर सूर्याच्या उष्णतेचा. तपांबरातले (जमिनीलगतच्या थरातले) बाष्प आणि स्थितांबरातला (त्यावरच्या थरातला) ओझोन रोज ऊन शोषतात, हवा ठरल्या वेळी तापते-निवते आणि २४ तासांच्या व १२ तासांच्या लहरी वर चढू लागतात. वर हवा विरळ होत जाते, तशी लहर फोफावते. जमिनीवर वायुभारमापकाला जेमतेम जाणवणारी हालचाल ९० किलोमीटरवर सेकंदाला दहा-वीस मीटर किंवा त्याहून अधिक वेगाचा वारा होते. म्हणून नुसते ‘लहर’ म्हणणे अपुरे. लहरी तिथे इतरही असतात. हिची ओळख म्हणजे घड्याळाशी बांधलेली नियमितता, आणि ती ‘भरती’ या शब्दात आहे.

उच्च अक्षांशांवर २४ तासांची भरती दुबळी पडते, १२ तासांची वरचढ ठरते. तिला ‘अर्धदैनिक’ म्हणावे. ‘द्विदैनिक’ टाळा, त्याचा अर्थ दोन दिवसांची असा लागतो. आणि तशी दोन दिवसांची एक वेगळी लहर मध्यांबरात (स्थितांबराच्या वरच्या थरात) खरोखरच आहे! नॉर्वेतील ट्रॉम्सो, स्वालबार्ड किंवा अंटार्क्टिकातली उल्का-रडारे हे वारे मोजतात : जळत्या उल्केमागे राहिलेला आयनांचा (विद्युतभारित कणांचा) पट्टा वाऱ्याबरोबर सरकतो, त्यावरून वेग कळतो. उत्तरेकडे या भरतीच्या वाऱ्याची दिशा साधारण १२ तासांत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एक फेरा घेते, दक्षिणेकडे उलट.

माझ्या मते खरी अडचण ‘भरती’त नसून दिशेत आहे. शाळेच्या भूगोलातले ‘पश्चिमी वारे’ पश्चिमेकडून येतात. वरच्या वातावरणाचे अभ्यासक मात्र वारा कुठे चालला आहे ते सांगतात. त्यांच्या ‘ईस्टवर्ड’चे, म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्याचे, भाषांतर कोणी ‘पूर्वीय वारे’ (पूर्वेकडून येणारे) केले, तर अर्थ नेमका उलटा होतो. इथे नद्यांची रीत उचलावी. पूर्ववाहिनी नदी पूर्वेकडे वाहते, याबद्दल कोणाला शंका नसते; तसेच पूर्ववाही, उत्तरवाही वारा.

अगदी ध्रुवबिंदूवर हेही शब्द लटके पडतात. दक्षिण ध्रुवावरून कुठेही निघा, दिशा उत्तरच. तिथे वाऱ्याची दिशा रेखांश देऊन सांगावी लागते.