खासदाराचं मत शोधायचं कुठे?

प्रश्न : परकीय हस्तक्षेपविरोधी कायद्यांवर आमच्या खासदाराने कोणत्या बाजूने मत दिलं, हे कसं तपासायचं? (एक वाचक, मेलबर्न)

उत्तर : ऑस्ट्रेलियात यासंबंधीची दोन मुख्य विधेयकं, एक हेरगिरी व परकीय हस्तक्षेपाचं आणि दुसरं परकीय प्रभाव पारदर्शकता योजनेचं, २८ जून २०१८ रोजी संमत झाली. संसदेच्या संकेतस्थळावर विधेयकाचं पान उघडा, तिथून त्या दिवसाच्या हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीत जाऊन ‘डिव्हिजन’, म्हणजे नावनिशीवार मतदान शोधा.

बहुतेक जण फसतात ते इथे. डिव्हिजन मागितलीच नाही, तर निर्णय आवाजी मतदानाने होतो आणि नावं नोंदली जात नाहीत. या विधेयकांना सरकार आणि तेव्हाचा विरोधी पक्ष लेबर, दोघांचाही पाठिंबा होता, विरोध मुख्यतः ग्रीन्स पक्षाचा. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर नावनिशीवार नोंद मिळेलच असं नाही. यादीत नाव नाही म्हणजे विरोध, असं कृपया समजू नका. सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या यादीखाली गैरहजर सदस्यांच्या ‘पेअर’, म्हणजे एकमेकांचं मत रद्द ठरवणाऱ्या दोन बाजूंच्या सदस्यांच्या जोड्या, दिलेल्या असतात, त्याही बघा. दुरुस्तीवरचं मत आणि तिसऱ्या वाचनावरचं, म्हणजे संपूर्ण विधेयकावरचं शेवटचं मत वेगळं धरा. दुरुस्ती नाकारणारा विधेयकाच्या बाजूचा असू शकतो.

तुमच्याकडे पक्षाविरुद्ध मत देणारे विरळाच. खासदाराचं स्वतःचं म्हणणं हवं असेल, तर दुसऱ्या वाचनातलं, म्हणजे विधेयकावरच्या मुख्य चर्चेतलं त्याचं भाषणच वाचा.