जुन्या मराठी पुस्तकांच्या यादीत लेखक, संपादक, प्रकाशक, मुद्रक यांच्यासाठी किती रकाने ठेवावेत?

वाचनालयाची जुनी नोंदवही एक्सेलमध्ये उतरवताना 'लेखक' आणि 'प्रकाशक' हे दोन रकाने पुरत नाहीत, म्हणून अनुवादक १, अनुवादक २, संपादक, चित्रकार असे रकाने वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. नका वाढवू. अशा याद्या मी पाहिल्यात. बहुतेक घरं रिकामी, आणि तीन संपादकांचं पुस्तक आलं की तिसरा बिचारा 'शेरा'मध्ये.

त्यापेक्षा दुसरं शीट उघडा. त्यात ग्रंथाचा क्रमांक, व्यक्तीचं किंवा संस्थेचं नाव, भूमिका आणि तेच नाव पुस्तकावर जसं छापलंय तसं, एवढंच. चार माणसं असतील तर चार ओळी. (इथे दाखल क्रमांक वापरू नका. तो प्रतीचा असतो, आवृत्तीचा नाही.) भूमिका टाइप करायची नाही, ठरलेल्या यादीतून निवडायची. नाहीतर 'सं.' म्हणजे संपादक की संकलक, यावर पुढच्या ग्रंथपालाला डोकं खाजवावं लागतं.

कर्ता (म्हणजे ज्याच्या नावावर पुस्तकाची मुख्य नोंद होते तो) कोण, हे बहुतेकदा सोपं असतं. अनुवादात मूळ लेखक हाच कर्ता, अनुवादकाची वेगळी ओळ. नाटकाचं रूपांतर असेल तर मात्र मी रूपांतरकारालाच कर्ता धरतो, कारण ती कृतीच नवी होते. मूळ नाटककार छापलेला असेल तर त्याचीही ओळ हवी. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथात कर्त्याचं नाव शोधायला फारसं उपयोगी नाही. वाचक राजवाडे प्रत, साखरे प्रत, दांडेकर प्रत असं संपादकाच्या नावानेच मागतो, म्हणून तिथे संपादकाची ओळ चुकवून चालत नाही. टोपणनावं मोडू नका: कुसुमाग्रजांची कविता कुसुमाग्रजांच्या नावावर, नाटक वि. वा. शिरवाडकरांच्या, आणि दोन्ही नावांत 'हेही पहा' असा दुवा.

खरी गुंतागुंत प्रकाशकाची आहे. १८६७च्या प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स ॲक्टने पुस्तकावर मुद्रकाचं नाव व छपाईचं ठिकाण, तसंच प्रकाशकाचं नाव व ठिकाण छापणं सक्तीचं केलं. 'अमुक यांनी आपल्या छापखान्यात छापून तेथेच प्रसिद्ध केले' ही ओळ जुन्या पुस्तकांवर दिसते, ती त्यातूनच. ती आधी जशीच्या तशी एका रकान्यात उतरवा. मग एकच माणूस मुद्रक आणि प्रकाशक असला तरी त्याच्या दोन ओळी करा. 'मुद्रक-प्रकाशक' अशी जोडभूमिका केली की छापखान्यानुसार शोधताना तो निसटतो. लेखकानेच पुस्तक काढलं असेल तर 'लेखक' आणि 'प्रकाशक' अशा दोन्ही ओळींत तेच नाव. पदरमोड करून काढलेली पुस्तकं पुढे एका फटक्यात वेगळी काढता येतात. मुखपृष्ठावर प्रकाशनसंस्था आणि आत व्यक्तीचं नाव असेल तर दोन्ही ठेवा, पण यादीत दाखवायला संस्था. 'मुख्य विक्रेते' म्हणजे वितरक. 'सर्व हक्क लेखकाच्या पत्नीकडे' हा हक्कधारक. दोघांनाही प्रकाशकाच्या घरात कोंबू नका.

शके सालही छापलं तसंच ठेवा आणि शेजारच्या रकान्यात ७८ मिळवून इसवी सन लिहा. छापलेली तिथी १ जानेवारीनंतरची (साधारण पौष ते फाल्गुन) असेल तर ७९.

पुढे कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत जायचं झालं तर ही रचना जवळपास सरळ बसते. मार्क २१ या ग्रंथनोंदीच्या ठरलेल्या साच्यात प्रत्येक क्षेत्राला क्रमांक असतो: मुख्य कर्ता १००मध्ये, बाकीची माणसं ७००मध्ये, संस्था ७१०मध्ये, प्रत्येकाला भूमिकेचा संकेत. २६४ या क्षेत्राचा दुसरा निर्देशक (क्षेत्रक्रमांकामागे येणारा एक अंकी संकेत) १ असेल तर प्रकाशन, २ वितरण, ३ छपाई. डब्लिन कोअरच्या (हा नोंदींचा दुसरा, अधिक साधा साचा) मूळ १५ घटकांत मात्र मुद्रकाला स्वतःचं घर नाही, आणि अनुवादक, संपादक, चित्रकार सगळे 'योगदानकर्ता' या एकाच घरात जातात. तुमच्या शीटवरून डब्लिन कोअर कधीही काढता येईल. उलटं करायला गेलात तर प्रत्येक पुस्तक पुन्हा कपाटातून काढावं लागेल.