मालधक्क्यावरून : रिकाम्या डब्यात काय उरतं?

मागच्या अंकात मालगाडीच्या जुन्या डब्यांवर दोन पानं लिहिली आणि पत्रांचा ढीग आला. मी १९७४ साली कुर्डुवाडीला गुड्स क्लार्क म्हणून लागलो आणि छत्तीस वर्षं एका मालधक्क्यावरून दुसऱ्यावर फिरलो, पण एवढी पत्रं मला नोकरीत कधी आली नव्हती. आली ती मेमोच. त्यातल्या पाच पत्रांची उत्तरं देतो.

प्रश्न : २०१६ च्या दुष्काळात आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या टाक्यांतून आधी तेल जायचं, असं ऐकून सासूबाईंनी ते पाणी शेवटपर्यंत प्यायलं नाही, भांडी घासायला वापरलं. त्यांचं चुकलं का? – एक गृहिणी, लातूर

ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या मालधक्क्यावर असत्या तर माझ्यापेक्षा चांगलं काम केलं असतं.

त्यांची शंका रास्त होती, पण ती आधीच कुणाला तरी आली होती. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी लातूरला पोचली, तिला दहा टाक्या होत्या, एकेकीत पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास टाक्यांची गाडी धावायला लागली, म्हणजे एका खेपेला पंचवीस लाख लिटर. या टाक्या मिरजेला भरण्याआधी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात नेऊन वाफेनं धुतल्या होत्या. नुसत्या पाण्यानं तेल निघत नाही; पत्र्याच्या सांध्यात आणि खालच्या झडपेत ते धरून बसतं. गरम वाफ सोडली की ते पातळ होऊन गळतं. शिवाय लातूरला उतरलेलं पाणी शुद्धीकरण होऊनच पुढे गेलं. तेव्हा प्यायला हरकत नव्हती.

पण सासूबाईंच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो, त्यात चूक माझीच आहे. नोकरीत नवा होतो. एका लहान स्टेशनावर गुळाच्या ढेपा भरायला बंद डबा हवा होता. आलेला डबा मी नियमाप्रमाणे तपासला. म्हणजे आत शिरायचं, दोन्ही दारं बाहेरून ओढून घ्यायला सांगायची आणि काळोखात वर बघत उभं राहायचं. छताला टाचणीएवढं भोक असलं तरी चांदणीसारखं चमकतं. एकही चमकलं नाही. तळ झाडलेला, कोरडा. दिला डबा. महिन्या-दीड महिन्यानं व्यापाऱ्याच्या नुकसानभरपाईच्या दाव्याचे कागद आले आणि त्यांच्याबरोबर नमुना म्हणून कागदात बांधलेला गुळाचा खडा. कागद सोडला आणि सगळ्या ऑफिसात सुक्या बोंबलाचा वास सुटला. मागचा माल काय होता, हे मी विचारलंच नव्हतं. डोळ्यांनी तपासलं, नाकानं नाही. वार्षिक वाढ सहा महिने अडली. तेव्हापासून डबा आला की आधी दारात उभं राहून श्वास ओढायची सवय लागली, ती इतकी की हिला नवीन कपाट घेतलं तेव्हाही मी आधी दार उघडून वास घेतला.

प्रश्न : डब्यावर बीसीएन, बॉक्सएन अशी अक्षरं आणि लांबलचक आकडा असतो. त्याचा अर्थ काय? – इयत्ता आठवीतला विद्यार्थी, दौंड

बाळा, पहिला 'बी' म्हणजे बोगी : डब्याखाली दोन गाडे, प्रत्येकाला चार चाकं. 'सी' म्हणजे बंद डबा, 'ओ' म्हणजे उघडा, 'टी' म्हणजे टाकी, शेवटचा 'एन' म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक. आमच्या उमेदीतले डबे चारच चाकांचे आणि व्हॅक्युम ब्रेकचे. बंद डब्यावर नुसता 'सी' असायचा आणि त्यात बावीस टनांच्या आसपास माल मावायचा. आज कोळसा नेणारा बॉक्सएन स्वतः साडेबावीस टनांचा असतो आणि अठ्ठावन्न टन पोटात घेतो. अकरा आकड्यांचं कोडं असं : पहिले दोन डब्याचा प्रकार, पुढचे दोन कोणत्या रेल्वेचा, पुढचे दोन बांधणीचं साल, मग चार त्याचा स्वतःचा क्रमांक, आणि शेवटचा आकडा आधीचे दहा बरोबर लिहिलेत का ते ताळून बघायला. पुढच्या वेळी फाटकात अडकलास की साल वाच. तुझ्यापेक्षा वयानं मोठे डबे बरेच सापडतील.

प्रश्न : आमच्या वऱ्हाडातला कापूस लुटून मँचेस्टरला नेण्यासाठीच रेल्वे आणि शकुंतला गाडी आली, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. हे कितपत खरं? – निवृत्त शिक्षक, अकोला

सर, निम्मं खरं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस हवासा झाला. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा फाटा भुसावळ, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला १८६७ साली, म्हणजे युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर. जलंबहून खामगावचा छोटा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, त्याला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. बडनेरा-अमरावती त्याच्या पुढच्या वर्षी. दोन्ही फाटे कापसाच्या बाजारपेठांत जाऊन थांबतात, यातच हेतू कळतो.

पण शकुंतलेची गोष्ट पन्नासेक वर्षांनंतरची. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अडीच फुटी (म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर) लाइन, किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखालची. तिचं प्रसिद्ध वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलं आणि १९९४ पर्यंत चाललं, म्हणून लोक कापसाचा धागा थेट मँचेस्टरला जोडतात. त्या काळात मात्र आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक होतं जपान, आणि मुंबईच्या गिरण्या. मँचेस्टरवाल्यांना आपला कापूस कधी मनापासून आवडलाच नाही. अडला हरी म्हणून त्यांनी तो घेतला. लूट म्हणायचं तर म्हणा, पण पत्ता बरोबर टाका.

आता डब्याचं सांगतो, कारण माझा विषय तो. कापूस हा माल रेल्वेला मनातून नकोसा. डबा गच्च भरतो आणि काटा बघावा तर वजन निम्मंसुद्धा नाही. म्हणून सरकी वेगळी काढणाऱ्या जिनिंगच्या शेजारी कापूस दाबून गाठी बांधणारी प्रेस आली. सुट्या बोज्यापेक्षा हाफ प्रेस गाठ बरी, हाफपेक्षा फुल प्रेस बरी. गाठ जितकी आवळाल तितक्या जास्त गाठी एका डब्यात. लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली फुल प्रेस गाठ हातानं ठोकली तर लाकडासारखी वाजते. दुसरी भीती आगीची. वाफेच्या इंजिनाच्या धुराड्यातून ठिणग्या उडायच्या. उघड्या डब्यात गाठी असल्या तर ताडपत्री चहूबाजूंनी दोरीनं जखडावी लागे, आणि कापसाचे डबे इंजिनापासून लांब जोडायची धडपड असे. गाठ वरून जळत नाही, आत धुमसते. पाणी मारून विझली असं वाटतं आणि दोन दिवसांनी पुन्हा धूर काढते. कापसाचा डबा रिकामा झाला तरी दाराच्या सळ्यांना पुंजके लटकत राहायचे. चिमण्या ते ओढून नेताना मी पुष्कळ वेळा पाहिल्यात.

प्रश्न : गाजर गवत अमेरिकेच्या गव्हाबरोबर रेल्वेनं आलं असं म्हणतात. आमच्या बांधावर ते दरवर्षी येतं. तुमच्याच खात्याची देणगी का ही? – शेतकरी, श्रीरामपूर

दादा, खातं गुन्हा निम्माच कबूल करेल. हे गवत आपल्याकडे ठळकपणे नजरेत आलं ते पुण्यात, पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात. अमेरिकेशी 'पीएल ४८०' चा धान्य करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. तेव्हा त्या करारातल्या गव्हानंच ते पहिल्यांदा आणलं, असं तारखा बघता छातीठोकपणे म्हणवत नाही. पसरवलं कुणी, हा मुद्दा वेगळा. मालधक्क्यावर गव्हाचा डबा रिकामा झाला की तळाच्या फळ्यांच्या फटीत दाणे, माती, गवताचं बी असं काहीबाही राहतं. डबा पुढच्या स्टेशनावर झाडला जातो, केर रुळाकडेला पडतो, पाऊस लागतो. रुळांच्या दोन्ही बाजूंना हे गवत रांगेनं उगवलेलं तुम्हीही पाहिलं असेल. बांधावरचं काढाल तेव्हा फुलावर यायच्या आत काढा आणि हातमोजे घाला; त्यानं अंगाला खाज सुटते, हे मी अनुभवानं सांगतो.

प्रश्न : माझे आजोबा कुर्डुवाडीला 'ट्रान्सशिपमेंट'वर हमाल होते. हे काम नेमकं काय होतं? घरात आता कुणालाच माहीत नाही. – एक वाचक, बार्शी

तुमचं पत्र शेवटी ठेवलं, कारण माझी पहिली चार वर्षं त्याच फलाटावर गेली. तुमच्या आजोबांना मी कदाचित पाहिलंही असेल.

तुमच्या गावची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरचं ते डोकं. त्याचं गणित सोपं होतं : रूळ अडीच फुटी आणि हलके, म्हणून कोणत्याही आसावर (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, मग इंजिन असो की डबा. चार आसांचा बोगी डबा घेतला तर मालासकट वीस टनांच्या आत बसवायचा. आधी इंग्लंडात लीड्सजवळ रूळ टाकून त्यानं ही गाडी लोकांना चालवून दाखवली, मग इकडे आणली. पुढे ही लाइन पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. म्हणजे २०१६ ला पाण्याची गाडी ज्या वाटेनं लातूरला आली ती हीच वाट, फक्त नव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं रुंद केलेली.

ती रुंद नव्हती, म्हणून तुमच्या आजोबांना काम होतं. कुर्डुवाडीला मुंबई-सोलापूरची साडेपाच फुटी मोठी लाइन आणि ही अडीच फुटी शेजारी-शेजारी यायच्या, पण छोटीचा डबा मोठीवर चढू शकत नव्हता. मग मधे फलाट, एका अंगाला छोटा डबा, दुसऱ्या अंगाला मोठा. लातूरची तूरडाळ, करडई, शेंगा, बार्शीची ज्वारी इकडून तिकडे. कोळसा, सिमेंट, मीठ, खत तिकडून इकडे. सगळं पाठीवर. दोन डब्यांची उंची वेगळी, म्हणून फळी टाकायची. ती पाय पडला की दबायची आणि उचलला की वर यायची. नवखा माणूस फळीच्या विरुद्ध चालतो आणि पडतो. जुना फळीबरोबर चालतो. शंभर किलोचं पोतं मानेच्या मागे घेऊन ते लोक अक्षरशः लयीत जायचे, एकाचा पाय फळीवरून निघाला की दुसऱ्याचा पडायचा. दारात मार्कावाला खडूनं डब्याच्या पत्र्यावर रेघा ओढायचा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. माझा हिशोब आणि त्याच्या रेघा जुळल्या नाहीत तर रेघा बरोबर निघायच्या.

पोती उचलायला लोखंडी आकडा असे. आकडा वापरू नका असा बोर्ड होता आणि त्या बोर्डाच्याच खिळ्याला आकडे टांगलेले असत. आकड्यानं पोत्याला भोक पडतं, डाळ सांडते. सांडलेली डाळ वेचायला बायका फलाटाच्या टोकाला बसून असायच्या, पदरात सूप झाकून. माल व्यापाऱ्याचा, फलाट रेल्वेचा, म्हणजे नियमानं त्यांना हाकलणं भाग. आमचा मुकादम रोज एकदा मोठ्यानं ओरडायचा आणि पाठ फिरवून तंबाखू मळत बसायचा. किती वेळ मळायची ते त्याला बरोबर ठाऊक होतं. मीही त्या वेळात रजिस्टरमधून मान वर काढत नसे.

मिठाच्या दिवशी मात्र टोळी कुरकुर करायची. मीठ घामानं पाझरून पाठीला झोंबतं. पत्र्यालाही तेच, मिठाचे डबे तळाकडून गंजत यायचे, बोटानं दाबलं तर पापुद्रा सुटायचा. सिमेंटचा दिवस खोकल्याचा. मिरचीचा दिवस सगळ्या स्टेशनाचा. पोस्टमन टपालाची पिशवी दुरूनच टाकून जायचा.

मिरचीवरून आमच्या आजीची गोष्ट आठवली. यात्रेच्या गर्दीत प्रवासी डबे कमी पडले की लोकांना मालाच्या डब्यांतून न्यायची रीत पूर्वी देशभर होती. आजी लग्नानंतर पहिल्यांदा आषाढीला पंढरपूरला गेली ती अशाच डब्यातून. बाकं नाहीत, खिडकी नाही, दार अर्धं उघडं. आदल्या फेरीला त्यातून मिरची गेली होती. डब्यात शंभरेक वारकरी, टाळ-मृदंग सगळं सोबत, पण अभंग कुणाला एक कडवंभर सुद्धा म्हणता येईना. पंढरपूर येईपर्यंत सगळा डबा शिंकत होता. नव्वदाव्या वर्षीसुद्धा घरात मिरचीची फोडणी बसली की आजी पदर नाकाला लावून म्हणायची, "पंढरपूर आलं वाटतं."