भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात गिअरच्या बाइकमध्ये कारचं जाड इंजिन ऑइल टाकलं तर चालेल का?

नाही, टाकू नका. मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच, डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (दुचाकीच्या ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं फोर-टी, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनचं ऑइल घ्या. बहुतेक बाइकमध्ये क्लच प्लेटा इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यामुळे प्लेटा घसरतात: रेस वाढते, गाडी ओढत नाही आणि शेवटी प्लेटा जळतात. ‘जासो एमबी’ लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी असतं, तेही घेऊ नका. १०डब्ल्यू-३० या ग्रेडमधला ३० हा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा आहे, म्हणजे उन्हाळा त्यात धरलेलाच असतो. मात्र मॅन्युअलच्या तापमान तक्त्यात २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० दिलं असेल, तर आपल्याकडे मार्च ते जून ते जरूर वापरा.